बिनचुन्याचं मडकं

मी जयवंती. मी जे केलं ते सांगते, आणि माझी बाजू घेऊनच सांगते, कारण दुसरं कोणी ती घ्यायला येणार नाही.

आमची ताडांची वाडी तारापूरच्या अलीकडे, खाडीला लागून. घरात सासूबाई, आमचे हे म्हणजे दिनानाथ, आणि मी. धाकटा दीर बळवंत बोईसरला कारखान्यात लागला आणि बायकोला घेऊन सालवडला भाड्याच्या खोलीत राहायला गेला. त्याची बायको सुलू. हिच्यापायीच सगळं.

सुलूचं काय सांगू? रविवारी यायची. नायलॉनची साडी, हातात पावांची पिशवी. ती दिसली की सासूबाईंचे दुखरे गुडघे चालायला लागायचे. आठवडाभर तेल लावून ते चोळायचे मी, आणि चालायचे सुलूकडे! "सुलू आली गो! बस, दमली असशील." दमली असशील! एस.टी.त बसून आलेली बाई दमते, आणि पहाटेपासून मडकी धुणारी जयवंती काय पाळण्यात बसून धूत होती? कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, ते तिला बघूनच म्हणत असतील.

बरं, भांडावं म्हटलं तर भांडायला जागा ठेवायची नाही. "वयनी, तुमी बसा, भांडी मी घासते." घासायचीसुद्धा, आणि लख्ख. एकदा मला बांगड्या आणल्या, माझ्या मापाच्या. तिनं न विचारता, मी न सांगता माझ्या मापाच्या! म्हणजे बाईनं माझा हात केव्हातरी नीट बघून ठेवला होता. माझ्या नवऱ्याला अकरा वर्षांत माझ्या हाताचं माप कळलं नव्हतं. त्या बांगड्या मी घातल्या नाहीत. डब्यात ठेवल्या, आणि कधीतरी एकटी असले की घालून बघायची. छान दिसायच्या, मेल्या.

आता मुद्द्याचं. आमच्या वाडीत विहिरीजवळ एक ताड आहे, त्याला देवीचा ताड म्हणतात. थंडी पडली की हंगामातलं पहिलं मडकं त्याला लागतं, आणि त्या मडक्यातली नीरा देवीला वाहायची. देवी आमची गोव्याची, फोंड्याकडची. एवढ्या लांब कोण जाणार, म्हणून वर्षानुवर्षं ती घरच्या देव्हाऱ्यापुढेच दक्षिणेला तोंड करून ओतली जायची. मी लग्न होऊन आले तेव्हापासून तो मान माझा. अकरा वर्षं मडकं मी धुतलं, चुना मी लावला, नीरा मी वाहिली.

चुन्याचं सांगायला हवं. नीरा आणि ताडी एकाच झाडाची. मडक्याला आतून चुना फासला तर सकाळी उतरते ती नीरा, गोड, पोराला पाजावी अशी. चुना नसला की तीच आंबायला लागते. उतरते तेव्हा जिभेला अजून गोडच लागते, नाक तयार असेल त्यालाच वास लागतो. पण उन्हं वर आली की फेस धरते, आणि दुपारी पिणारा संध्याकाळी बांधावर गातो. मुरबे गावची ठकीबाई शिंपल्यांचा चुना आणून द्यायची, तो मी भिजवून, गाळून, बोटांनी फासायची. कुठे जाड नाही, कुठे पातळ नाही. हे वर चढायचे, मडकी बांधायचे, पण गोडवा माझ्या हातचा. हे मीच म्हणते, कारण दुसऱ्या कोणी कधी म्हटलं नाही.

तर त्र्याऐंशी साली बळवंतभावजींना कारखान्यातून फिरायला जायची रजा मिळाली, आणि त्यांनी गोव्याच्या बोटीची दोन तिकिटं काढली. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी सुटायची, दुसऱ्या दिवशी सकाळी पणजीला. रविवारी दोघं आली, तिकिटं सासूबाईंच्या मांडीवर ठेवली. सासूबाईंनी ती डोळ्याला लावली. म्हणाल्या, "तुमचे सासरे गेले ते देवीला जायचं म्हनत म्हनत गेले. आता सुलू जाते तर पयली नीरा तीच घेऊन जाईल. देवीच्या पायावर थेट."

माझ्या हातात ताटली होती. ती मी खाली ठेवली, नाहीतर पडली असती.

"आई, मान माझा ना?"

"तुझाच गो. पन तिकिटं तिची." मग पानाचा विडा गालात सरकवून म्हणाल्या, "आणि आईका दोघी. माझं आता काय खरं नाय. जिच्या नावानं यंदा देवीला गोड नीरा पोचेल, तिच्या हाती देवीचा ताड. मी मेल्यावरपन."

सुलू लगेच म्हणाली, "आई, नको. वयनींचा मान मी कशाला घेऊ?" बघा! हेच ते. नको म्हणायचं, आणि आपण किती चांगल्या ते दाखवायचं. सासूबाई म्हणाल्या, "बघ, कशी समजूतदार हाय." मी तिथून उठले. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. विहिरीवर जाऊन चार कळशा पाणी उगाच ओढलं आणि उगाच ओतून दिलं.

जायच्या आदल्या दिवशी दोघं रात्रीच्या मुक्कामाला आली. भावजींनी बोईसरहून बर्फ आणला होता, थर्मासात घालून, बोटीवर थंड पाणी प्यायला. यांचं सगळंच थंड! संध्याकाळी हे म्हणाले, "देवीचं मडकं दे, चढवतो." मी चुन्याचं भांडं पुढ्यात घेऊन बसले होते. बोटं बुडवली. मडकं मांडीवर घेतलं.

आणि बोटं परत भांड्यात पुसली.

विसरले नाही मी. कोणी म्हणेल घाईत राहिलं असेल. घाईत नाही, शांतपणे. मडकं कोरडं, आतून काळं, तसंच यांच्या हातात दिलं. मनात म्हटलं, जा सुलूबाई, मिरवत जा. देवीपुढे बूच काढशील आणि आंबूस फेस निघेल, तेव्हा कळेल गोडवा कोणाच्या हातचा होता. सालवडच्या खोलीत राहून हिला काय कळणार आहे चुन्याचं? एवढं मात्र माझ्या डोक्यात आलं नाही, की सुलू डहाणूकडची, तिचा बापही ताडावर चढणारा. जळणाऱ्याला स्वतःचा धूर दिसत नाही, दुसरं काय!

पहाटे चारला यांनी मडकं उतरवलं. मान तिचा, म्हणून ते पडवीत सुलूपुढे ठेवलं. तिनंच गाळून बाटलीत भरायचं. बाटली सासऱ्यांच्या वेळची, जाड काचेची, लाकडी बुचाची. मी चुलीपाशी भाकऱ्या थापत होते, पण कान पडवीत. बराच वेळ आवाज नाही. मग हाक आली.

"वयनी, चुना कुटं हाय?"

भाकरी तव्यावर वाकडी पडली. "कशाला?"

"आईंच्या पानाला."

"कोनाड्यात बघ," मी म्हटलं. आईंच्या पानाला! मी तेव्हा सुटकेचा श्वास सोडला. पहाटे चारला सासूबाई कधी पान खातात का, हे विचारायचं सुचलं नाही. चोराला पळायची वाट दिसली की तो दुसरं काही बघत नाही.

सासूबाईंनी भरलेल्या बाटलीला बूच ठोकलं, त्यावर लाल फडकं बांधलं आणि सात गाठी मारल्या. "ह्या गाठी देवीपुढंच सोडायच्या. वाटंत कोनी हात लावायचा नाय." बाटली सुलूच्या ओटीत दिली. मी दाराशी उभी राहून तोंडभर हसले. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटत होतं.

एवढ्यात सुलूनं पोट धरलं.

"आई गो! रातीपासनं दुखतंय. आता लयच कळ येते."

रात्री तीन भाकऱ्या आणि वाटीभर वालाची उसळ खाल्ली होती हिनं, माझ्या समोर! कळ कसली? पण ती खाली बसली ती उठेना. भावजी म्हणाले, ही नाही तर मीपण नाही. तिकिटं काय वाया घालवायची? आणि सुलू माझ्याकडे बघून म्हणाली, "वयनी, तुमी आणि दादा जा. देवीच्या मनात मान तुमचाच व्हता."

आणि ती बाटली माझ्या ओटीत आली.

काय सांगू! अकरा वर्षं जिची वाट बघितली ती घटका, आणि मी दोन पावलं मागे. "नको, नको," मी म्हटलं, "मी नाय जात. मला बोट लागते."

"बोट लागते? कधी बसलीस गो बोटीत?" सासूबाई म्हणाल्या. "जा, येडी. आता तर देवीनंच बोलावलं."

बाटलीला हात लावायचा नाही, गाठी सोडायच्या नाहीत, आणि खरं तर सांगायचंच नाही. काय सांगणार? आई, मी चुना लावला नाही, कारण सुलूची फजिती व्हावी? मी नेसतं लुगडं सोडून पिवळं पातळ नेसलं आणि निघाले. निघताना सुलूनं यांच्या हातात भाकऱ्यांची पिशवी दिली, आणि पोट दुखणारी बाई यांच्या कानाशी लागून बराच वेळ काहीतरी सांगत होती. तेवढ्यातही माझ्या पोटात दुखलंच. माझ्या नवऱ्याशी कसलं गं एवढं गुजगुज?

मुंबईला धक्क्यावर पोचलो तेव्हा उन्हं चढली होती. बाटली माझ्या मांडीवर ऊब धरत होती. मला आतलं सगळं कळत होतं, लेकराचं पोट बिघडलंय हे आईला कळावं तसं. फडक्याखालचं बूच हलकेच वर येत होतं आणि मी अंगठ्यानं दाबत होते.

बोटीच्या शिडीशी पांढऱ्या कपड्यांतला एक साहेब उभा. प्रत्येकाच्या पिशव्या उघडून बघत होता. आमच्या पुढच्या माणसाच्या वळकटीतून रमची बाटली निघाली. साहेबानं ती बाजूला ठेवली, गळ्यात नावाची चिठ्ठी बांधली. "बाहेरची बाटली बोटीवर चालत नाही. पणजीला उतरताना परत मिळेल. प्यायची तर वर काउंटर आहे, तिथली विकत घ्या." तो माणूस गयावया करत होता, पण साहेब ढिम्म.

मग माझी पाळी. "हे काय?"

"नीरा. देवीची हाय."

त्यानं बाटली हातात घेतली, जरा हलवली आणि कानाशी नेली. आतून सूं सूं. मागची माणसं हसायला लागली. त्यानं फडक्यापाशी नाक नेलं.

"बाई, ही ताडी आहे."

"नीरा हाय म्हनते ना! देवीची! गाठी बघा, सात हायत!"

"बाई, मी वसईचा," तो म्हणाला. "मला नीरा शिकवू नका."

हे माझ्याकडे बघत होते. माणसं बघत होती. साहेबानं चिठ्ठी काढली. "नाव?"

आणि बघा माणसाचं मन! त्या क्षणी, लाजेनं कान तापलेले असतानासुद्धा, माझ्या तोंडून काय निघालं?

"सुलोचना बळवंत. तारापूर."

ताडीवाली म्हणून कुठे नाव लागायचंच असेल तर तिचं लागू दे. ह्यांनी भुवया वर केल्या. "तिकिटं त्यांची ना," मी म्हटलं, "मग नावपन त्यांचं." हे पिशवी उचलून पुढे झाले. यांचं तसंच. ताडावर चढून चढून माणूस वरूनच सगळं बघायला शिकतो, आणि खाली आल्यावर गप्प बसतो.

दिवसभर मी डेकवर चटई टाकून बसले. लोक किनारा बघत होते, मी लोखंडी जिना बघत होते, कारण त्याच्याखाली ते कुलपाचं कपाट होतं आणि त्यात माझं पाप फुगत होतं. वर काउंटरवर बियरच्या बाटल्या फटाफट उघडत होत्या. त्यांची चालते! तिथून विकत घेऊन डोलत खाली आले तरी चालतात, आणि देवीच्या बाटलीला कुलूप! मी हे चार बायकांना ऐकवलं. मग आठवलं, देवीची कसली, तिची मीच ताडी करून ठेवली होती. गप्प बसले.

यांनी भाकऱ्या सोडल्या. आत खोबऱ्याच्या वड्या निघाल्या. "सुलूनं केल्या," हे म्हणाले, "मऊ झाल्यात हां." मी म्हटलं, "खा, सगळ्या खा." मी एक खाल्ली. मऊ होत्या. माझ्या वड्या दगडासारख्या होतात, हे मला माहीत आहे, यांना ते तिथे समुद्रात सांगायची काही गरज नव्हती.

"सुलूचं पोट कसं असेल?" हे म्हणाले.

"तिच्या पोटाला काय धाड भरलीय?" मी म्हटलं. हे उठून कठड्याशी जाऊन उभे राहिले.

सकाळी पणजी आली. साहेब कपाटापाशी उभा राहून चिठ्ठ्या वाचत होता, माणसं आपापल्या बाटल्या घेऊन उतरत होती. "सुलोचना बळवंत!" कोणी बोललं नाही. "सुलोचना बळवंत, तारापूर!" दुसऱ्यांदा मोठ्यानं. सगळे इकडेतिकडे बघायला लागले.

"मीच," मी म्हटलं.

किती वर्षं मला तिच्या जागी असायचं होतं! तिची साडी, तिची खोली, सासूबाईंचं ते "सुलू आली गो". मिळाली जागा. अशी मिळाली.

साहेबानं बाटली पुढे केली. लाल फडकं जागच्या जागी, साती गाठी शाबूत, पण आतलं बूच उडून फडक्यात अडकलेलं आणि बाटली अर्धी रिकामी. कपाटातून असा आंबूस भपकारा आला की रमवाल्या माणसानंसुद्धा नाक धरलं. "बाई," साहेब म्हणाला, "तुमच्या देवीनं माझं अख्खं कपाट धुऊन काढलं."

धक्क्यावर उतरून मी एका दगडावर बसले. यांनी बाटली घेतली, वास घेतला. वीस वर्षं ताडावर चढणारा माणूस, त्याला काय सांगायचं?

"ह्या मडक्याला चुना नव्हता," हे म्हणाले.

"नव्हता."

"इसरलीस?"

"अकरा वर्सांत कधी इसरले का?" मी म्हटलं, आणि तिथे, भर धक्क्यावर, चारचौघांत रडायला लागले. "मला नाय बघवत, काय करू! मी राबते आणि नाव तिचं. ती बरी, ती गोड, ती समजूतदार. मी कोन? मला कोन कधी म्हटलं, जयवंती आली गो? म्हनून नाय लावला चुना. जा, सांगा आईला."

मला वाटलं हे ओरडतील. यांनी भाकऱ्यांच्या पिशवीत हात घातला आणि तळातून थर्मास काढला, टॉवेलात गुंडाळलेला.

"सुलूनं दिलाय. म्हनाली, पनजी येईस्तोवर वयनीला दावू नका, आणि उघडू नका. मला वाटलं चहा असंल. काल मीपन इचार करत व्हतो, चहा एवढा जपायचा कशाला."

मी झाकण उघडलं. आत बर्फाचे दोन लहान तुकडे उरले होते, आणि नीरा. नितळ. बोट बुडवून जिभेवर ठेवलं. गार, गोड. टोपणात ओतून बघितली तर तळाला चुन्याचा पांढरा साका बसला होता. पहाटे उतरल्या उतरल्या, पडवीत बसून, तिनं मडक्यात बोट घातलं असणार. कोरडं लागलं असणार. वास आला असणार. मग कोनाड्यातला चुना घेऊन, निम्मी नीरा चुन्याच्या निवळीत मिसळून, बर्फात ठेवली. आणि पोट धरून खाली बसली.

एक शब्द बोलली नाही! सासूबाईंना सांगितलं असतं तर मी त्या दिवशी वाडीतून उठले असते. सांगितलं नाही. उलट मान माझ्या ओटीत टाकला, आणि बाटलीत ती तशीच राहू दिली, गाठींसकट, म्हणजे मला कळावं की तिला कळलं.

तुम्हाला वाटेल मला आता तिची माया आली. आली, खोटं नाही बोलत. पण आधी काय आलं सांगू? आधी संताप आला. इतका, की थर्मास समुद्रात फेकावा. म्हणजे इथेही तीच! साडीत ती पुढे, वड्यांत ती पुढे, चुना माझा तर त्यातही ती पुढे, आणि आता चांगुलपणातसुद्धा मला मागे टाकून बसली, तेही घरी पडवीत बसून!

फोंड्याकडच्या देवळात गर्दी नव्हती. पुजाऱ्यानं थर्मास बघून तोंड वाकडं केलं, पण यांनी काय ते समजावलं. त्यानं नीरा चांदीच्या वाटीत घेतली, वास घेतला, मान हलवली. "गोड आहे. कुणाच्या नावानं वाहायची?"

देवी समोर. सासूबाईंचा शब्द कानात. जिच्या नावानं गोड पोचेल तिच्या हाती देवीचा ताड. हे माझ्याकडे बघत होते. जयवंती दिनानाथ, एवढंच म्हणायचं होतं. तिनं त्यासाठीच तर पाठवलं होतं मला. अकरा वर्षं ह्यासाठीच तर चुना फासला होता. नाव ओठावर आलं होतं.

"सुलोचना बळवंत," मी म्हटलं. "तारापूर."

काल शिडीवर हेच नाव मी लाजेला पुढे केलं होतं. आज मानाला केलं. पुजाऱ्यानं ते मोठ्यानं उच्चारलं आणि वाटी देवीच्या पायाशी रिकामी केली. ह्यांनी तिथे, देवीपुढे, माझ्या खांद्यावर हात ठेवला. लग्नानंतर चारचौघांत पहिल्यांदाच.

घरी आलो तेव्हा सुलू पडवीतच होती. पोट अर्थातच बरं झालेलं. सासूबाईंनी आमच्या पायांवर पाणी घातलं नाही तोच विचारलं, "गोड पोचली?"

"गोड पोचली."

"तुझ्या नावानं?"

"सुलूच्या."

सासूबाईंनी तांब्या खाली ठेवला. मग म्हणाल्या, "ठीक हाय. तर मग देवीचा ताड सुलूचा," आणि देव्हाऱ्यापुढे दिवा लावायला आत गेल्या. शब्द म्हणजे शब्द. मला वाटलं होतं निदान एकदा तरी हळहळतील. नाही हळहळल्या.

सुलू माझ्याकडे बघत होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या कपाळावर आठी बघितली मी. "वयनी, हे काय केलंत? मी तुमच्या नावासाठी दिली व्हती."

"ठाऊक हाय."

"मग?"

"मग काय मग?" मी म्हटलं, आणि आवाज चढला तो चढलाच. "दर वेळी तूच चांगली? मला काय देवीनं तेवढीपन अक्कल दिली नाय? एक डाव मला होऊ दे ना चांगली! तेपन तुला बघवत नाय?"

ती फिसकन हसली. हसता हसता डोळ्यांना पदर लावला. मला हसायचं नव्हतं. पण हसले.

संध्याकाळी मडकी घेऊन बसले. सुलू आली, नायलॉनच्या साडीचा पदर खोचला आणि शेजारी फतकल मारून बसली. देवीचं मडकं तिनं स्वतःच्या मांडीवर घेतलं. आता तिचंच ते. चुन्यात बोटं बुडवून आतून फिरवायला लागली. तिच्या बापानं शिकवलं होतं, हात चांगला होता. पण काठापाशी जाड लावत होती.

माझ्या हातात तिनं आणलेल्या बांगड्या होत्या. त्या तिला दिसल्या. मी तिच्या हातातलं मडकं ओढून घेतलं.

"आण इकडं," मी म्हटलं, "ताड तुझा असंल. चुना माझाच."